जामदारांचा एकुलता एक शिपाई

कार्तिक चौकातल्या जामदारांच्या घराण्यात दोनशे वर्षांत कुणी तलवार उपसली नव्हती. उपसली असेलच तर दसऱ्याला, पुसून परत खुंटीला अडकवण्यापुरती. मूळ पुरुष शिंदे सरकारच्या फौजेबरोबर माळव्यात आला हे खरं. पण तो फौजेच्या मागून, बैलगाडीत, दप्तराच्या गाठोड्यावर बसून आला. पुढच्या सात पिढ्या त्या गाठोड्यावरून उठल्या नाहीत.

सातव्या पिढीतले गोपाळराव तर शब्दशः गाठोड्यातच बसत. उज्जैनच्या कचेरीत मुहाफिजखाना होता, म्हणजे जुनी दप्तरं बांधून ठेवायचं कोठार. तिथले ते रेकॉर्ड-कीपर. नोकरी एक, खुर्ची एक, पण सरकारं तीन झाली. आधी ग्वाल्हेर दरबार. मग अठ्ठेचाळीस साली संस्थानं विलीन होऊन मध्यभारत. मग छप्पनच्या नोव्हेंबरात मध्यप्रदेश. दर वेळी बस्ते सोडा, झटका, नवीन फडक्यात बांधा, गाडीत भरून कुठल्या तरी नव्या राजधानीला धाडा. दर वेळी गोपाळरावांना नवा शिक्का मिळे आणि जुना खोकला. वय अठ्ठेचाळीस, पण चालणं साठीचं. चौकात म्हणत, गोपाळरावांचा कोट त्यांच्या आधी दमून घरी येतो.

त्याच नोव्हेंबरात पुण्याहून छापील फॉर्म आला. जामदार कुलवृत्तान्त मंडळ सगळ्या शाखांची वंशावळ छापणार होतं. नाव, जन्म, विवाह, मृत्यूची तिथी, आणि तळाला एक ठसठशीत रकाना: 'विशेष कामगिरी (राजसेवा, युद्धसेवा इत्यादी)'.

तो रकाना थोरल्या भय्यासाहेबांच्या डोळ्यांत भरला. भय्यासाहेब म्हणजे गोपाळरावांचे सगळ्यांत मोठे भाऊ, घराचे मुख्य. दरबारात एकदा पागोटं घालून उभे राहिले होते, त्यानंतर बसले तरी उभे असल्यासारखेच बसत.

"गोपाळ, बडोद्याच्या शाखेनं म्हणे तीन लढाया लिहिल्यात. आपणही लिहू. आपला वसंता गेला होता ना लढाईवर!"

वसंता म्हणजे मधला भाऊ. जामदारांचा एकुलता एक शिपाई. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात घरात कडाक्याचं भांडण करून संस्थानच्या पलटणीत भरती झाला. दोन कार्डं आली. एक ग्वाल्हेरहून, एक कलकत्त्याहून. दोन्हींत मजकूर तोच: 'पत्ता सारखा बदलतो आहे, ठरला की कळवतो.' पत्ता काही ठरला नाही. लढाई संपली, पलटण परत आली, वसंता आला नाही. जिवंत आहे म्हणावं तर पत्र नाही, गेला म्हणावं तर कागद नाही. ग्वाल्हेरला चार अर्ज केले. चारी वेळा उत्तर एकच, या नावाचा इसम आमच्या यादीत नाही.

आणि मागं राहिली अनसूया, वसंताची बायको. चौदा वर्षं ती कुंकू लावून बसली होती. उज्जैनच्या बायकांनी तिची फार कुचंबणा केली. सवाष्ण म्हणून जेवायला बोलवावं तर मनात पाल चुकचुके. न बोलवावं तर अपशकुनी बोलल्यासारखं होई. मग चैत्रातल्या हळदीकुंकवाला बोलावणं यायचं ते संध्याकाळी उशिरा, दिवे लागायच्या बेताला, बाकीच्या बायका गेल्यावर. तिला ओटी मिळायची, पण उरलेल्या हरभऱ्यांची. चौकातल्या एका तिखट जिभेच्या बाईनं तिचं नावच पाडलं होतं, 'अर्धी सवाष्ण'.

फॉर्म आला त्या दुपारी अनसूया गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, त्या फॉर्मात माझाही रकाना आहे ना?"

"आहे की वहिनी. पत्नीचं नाव."

"त्याच्या पुढं काय लिहिणार? सौभाग्यवती की गंगाभागीरथी?"

गोपाळरावांना खोकला आला. खोकला त्यांच्या फार कामाचा होता.

"खोकू नका. मी काय रडून नाही राहिले. भय्यासाहेबांना लढाई पाहिजे, त्यांना लढाई आणून द्या. मला खरं आणून द्या. रोज सकाळी अंदाजानं कुंकू लावायचं, दमले आता. आणि जे सापडेल ते आधी मला सांगायचं. घराला मागून."

"सांगेन," गोपाळराव म्हणाले. आणि म्हणून बसल्यावर त्यांना कळलं, की आता हिंडावं लागणार.

हिंडले बिचारे. डिसेंबरात रजा काढून ग्वाल्हेरला गेले. तिथल्या बाबूनं सांगितलं, लष्कराचे कागद विलीनीकरणात इंदूरला गेले. इंदूरच्या बाबूनं सांगितलं, आले होते, पण राजधानी भोपाळला झाली म्हणून तिकडं गेले. भोपाळला इमारतीचा अजून चुना ओला होता. व्हरांड्यात बस्त्यांचे ढीग, आणि त्यावर एक बाबू डबा उघडून जेवत बसलेला.

"जामदार?" तो पुरी मोडत म्हणाला. "उज्जैन के? नहीं साहब, जामदार कोई नहीं. बाकी उज्जैन के सब हैं, कहो तो पढ़ दूँ?"

"रहने दो भाई," गोपाळराव म्हणाले. परतीची गाडी चुकेल म्हणून ते निघाले.

हा 'रहने दो' त्यांनी पुढं आयुष्यभर स्वतःला माफ केला नाही. आणि यातली खरी गंमत, म्हणजे कार्तिक चौकातलं प्रत्येक शेंबडं पोर ज्यावर हसलं असतं ती गोष्ट, घरात कुणाच्या लक्षात आलेली नव्हती.

गोष्ट अशी. वसंता दत्तक गेलेला होता. बारा वर्षांचा असताना माधवनगरच्या अहल्याबाई मोघ्यांनी त्याला मांडीवर घेतला. बाई निपुत्रिक विधवा, नवरा दरबारात मोठ्या हुद्द्यावर होता. होम झाला, मंत्र झाले, जामदारांना चांदीची वाटी आणि शालजोडी मिळाली. वसंता मोघ्यांच्या नावानं शाळेत गेला, मॅट्रिक झाला, त्यांच्याच दारात त्याचं अनसूयेशी लग्न लागलं. मग एकोणचाळीस साली सासू-सुनेचं बिनसलं. कशावरून? कुणी म्हणतं आमटीवरून, कुणी म्हणतं सिनेमावरून. ज्यानं त्यानं आपापल्या घरातलं भांडण तिथं चिकटवलं. वसंता बायकोला घेऊन तडक जन्मदात्यांकडं आला. भय्यासाहेबांनी ताठ्यात चांदीची वाटी आणि शालजोडी टांग्यातून परत धाडली आणि चौकात जाहीर केलं, "दत्तक मोडलं!"

त्या दिवसापासून जामदारांच्या लेखी वसंता जामदार झाला. दोन्ही घरं एकमेकांच्या दारावरून जाईनात. मधे रेल्वेचा पूल, पण जणू नर्मदा आडवी. आणि सगळी हयात दप्तरात काढलेल्या गोपाळरावांनीसुद्धा मान डोलावली, की हो, मोडलं.

मार्च गेला. फॉर्म पाठवायची मुदत आली. वाडवडिलांच्या मृत्यूच्या तिथ्या लिहायच्या राहिल्या होत्या, म्हणून गोपाळराव राम घाटावर धुंडिराजभटांकडं गेले. भटजी दोन्ही घरांचे उपाध्याय, म्हणजे भांडणाच्या आधीपासूनचे. भांडण यजमानांचं, पोट भटजींचं. ते दोन्हीकडं जेवत. घाटाच्या पायरीवर छत्रीखाली त्यांची बैठक होती.

भटजींची एक जाडजूड वही होती. दुसरे भटजी घराण्यावार वही ठेवतात, अमक्या घरचं अमकं श्राद्ध. धुंडिराजभटांची वही तिथीवार होती. चैत्र शुद्ध प्रतिपदा उघडली, की त्या दिवशी गावात कुणाकुणाकडं पान वाढलं जाणार ते एका नजरेत दिसे. सकाळी उठून जेवण कुठं हे बघायला तीच रीत बरी.

"तुम्हीच उतरवून घ्या गोपाळराव, मला दिसत नाही आताशा," म्हणून भटजींनी वही दिली आणि एका गुजराती यात्रेकरूला संकल्प सांगायला पायऱ्या उतरले.

गोपाळरावांनी आजोबांची तिथी काढली. चैत्र वद्य चतुर्थी. 'जामदार, कार्तिक चौक, आजोबा, दुपारी.' त्याच्या वरच्या ओळीत त्याच अक्षरात होतं: 'मोघे, माधवनगर, सकाळी. अहल्याबाई करवितात. चि. वसंत, ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर शांत, शके १८६६.'

गोपाळरावांनी ती ओळ तीनदा वाचली. मग सवयीनं बोटानं पुसून पाहिली. रेकॉर्ड-कीपरांना खोड असते, शाई जुनी की नवी बघायची. शाई जुनी होती.

भटजी ओल्या पायांनी वर आले. गोपाळरावांच्या बोटाकडं पाहिलं आणि खालच्या पायरीवर बसले.

"वाचलंत."

"भटजी, बारा वर्षं तुम्ही आमच्याकडं जेवताय. त्याच दिवशी. सकाळी वसंताचे पिंड, दुपारी आमची खीर!"

"जेवलो. नाही कुठं म्हणतो?"

"आणि वहिनीनं वाढलं तुम्हाला! तिच्या हातचं!"

"म्हणूनच तर नाही बोललो," भटजी म्हणाले. "सवाष्णीला असं सांगणाऱ्याच्या जिभेनं तिचं कुंकू पुसलं जातं. मी कशाला ते पाप घेऊ? अहल्याबाईंनी सांगावं, त्या सासू. नाही तर तुम्ही विचारावं, तुम्ही घरचे. तुम्ही ग्वाल्हेरला गेलात, इंदूरला गेलात, भोपाळला गेलात. पुलापलीकडं कधी गेला होतात?"

यावर गोपाळरावांना खोकलासुद्धा आला नाही.

उन्हातून पायीच ते पुलावर चढले. पुलाच्या मध्यावर थांबून दम घेतला. मागं परतावं असं फार वाटलं. पण परतावं तर घरी अनसूया, पुढं जावं तर अहल्याबाई. मधे पुलावर किती वेळ उभं राहणार? खालून मालगाडी गेली, तिचे डबे संपल्यावर ते उतरले.

अहल्याबाई दारातच वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पंचाहत्तरी उलटली होती, नजर मात्र पोलिसाची.

"कोण? गोपाळ्या ना? चालण्यावरून ओळखलं. लहानपणीही असाच चालायचास, कुणी ढकलल्यासारखा. बस. पाणी पी. मग बोल."

गोपाळराव पाणी प्यायले. "काकू, वसंता..."

"अठरा वर्षं लागली तुम्हाला पूल ओलांडायला," म्हातारी म्हणाली. "टांग्यानं आला असतास तर दहा मिनिटं."

तिनं आतून पत्र्याचा डबा आणवला. कागद इंग्रजीत होता, टाईप केलेला. हवालदार क्लार्क वसंत नारायण मोघे. फील्ड हॉस्पिटल. ताप. बारा एप्रिल एकोणीसशे चव्वेचाळीस. घरचा पत्ता, मोघे, माधवनगर, उज्जैन.

"मोघे?" गोपाळराव पुटपुटले.

"मग काय? भरतीला मॅट्रिकचं सर्टिफिकेट मागतात. त्यावर जे नाव तेच उतरवलं, जो पत्ता तोच उतरवला. तू एवढा कागदाचा किडा, तुला सुचू नये?" म्हातारीनं काठी आपटली. "तुमच्या भय्यासाहेबानं वाटी परत पाठवली म्हणून दत्तक मोडलं होय? दत्तक म्हणजे काय दुकानातली साडी आहे, रंग नाही आवडला, घे परत? एकदा मांडीवर घेतला तो घेतला."

"मग कळवलं का नाही काकू? एक शब्द."

म्हातारीनं डब्याचं झाकण लावलं. समोरून कुल्फीवाला गेला. त्यानं हाक दिली, कुणी घेतली नाही.

"पहिल्या वर्षी रागानं नाही कळवलं. म्हटलं, त्यांनी माझा मुलगा नेला, आता बसू देत वाट बघत. दुसऱ्या वर्षी लाजेनं, की पहिल्या वर्षी का नाही कळवलं म्हणून विचारतील. मग एकदा कार्तिकी पुनवेला घाटावर ती दिसली. लांबून. दिवा सोडत होती. कपाळ भरून कुंकू. मी इथं चाळीस वर्षं पांढऱ्या कपाळानं बसलेय, गोपाळ्या. मला माहिती आहे ते काय असतं. म्हटलं, चाललंय तिचं, चालू दे. चांगलं केलं की वाईट केलं, मला नाही ठाऊक. आता विचारूही नकोस. दमले मी."

कागद कोटाच्या आतल्या खिशात घालून गोपाळराव घरी आले. ओट्यावर भय्यासाहेब फॉर्म घेऊन तयार.

"काय रे? काही सापडलं? मी लिहून ठेवलंय बघ: 'वसंत विश्वनाथ जामदार, रणांगणी शत्रूशी झुंजताना'... फक्त जागेचं नाव घालायचं राहिलंय."

"आधी वहिनीला सांगायचं ठरलंय," म्हणून गोपाळराव त्यांना ओलांडून आत गेले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी भय्यासाहेबांना ओलांडलं. त्याचं नवल करायलाही त्यांच्यात त्राण नव्हतं.

अनसूया ताक घुसळत होती. शेजारी गोपाळरावांची बायको सुमन कोथिंबीर निवडत होती. गोपाळरावांचा चेहरा बघून सुमन उठायला लागली.

"बस ग," अनसूया म्हणाली. "कुणी तरी ऐकायला असलं की बरं असतं. बोला भाऊजी."

त्यांनी सांगितलं. काही सजवलं नाही, त्यांना येतही नव्हतं. रवी थांबली. मग दोन फेरे फिरली, मग पुन्हा थांबली.

"कधी?"

"चव्वेचाळीसच्या एप्रिलात. जाऊन वर्षही झालं नव्हतं."

"म्हणजे मी वाट बघायला लागले तेव्हाच गेले होते." तिनं रवीची दोरी हातातून सोडली. "गोळी?"

"नाही. ताप."

"आणि तिथं काय करत होते?"

"क्लार्क होता पलटणीचा."

अनसूयेच्या तोंडातून एक आवाज निघाला. सुमन म्हणते तो हुंदका होता, गोपाळराव म्हणतात हसू होतं.

"तिथंही लिहीतच बसले होते! एवढं भांडून गेले, म्हणे कारकुनी नको, कारकुनी नको. अहो, जामदारांच्या रक्तातून ती शाई काही गेली नाही."

एवढ्यात भय्यासाहेब दारात येऊन उभे. ऐकलं होतं सगळं. पागोट्याखालचा माणूस पार उतरला होता, पण पागोटं अजून ताठ होतं.

"अनसूया, झालं ते वाईट झालं. पण हे घराबाहेर जायला नको. मोघे-बिघे काही नाही. फॉर्मात आपण जामदारच लिहू. पुण्याला कोण येतंय बघायला? आणि तू... तू आहेस तशीच राहा. लोकांना कशाला कळवायचं?"

"भय्यासाहेब," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्ही मला चौदा वर्षं भाकरी दिलीत, मी विसरणार नाही. पण माझं लग्न मोघ्यांकडं लागलं होतं. ते मोघे म्हणून गेले. तुमच्या फॉर्मातून आमची दोघांची नावं काढा."

"मग युद्धसेवेचा रकाना?"

"रिकामा ठेवा. सात पिढ्या रिकामाच होता, त्याला सवय आहे."

सुमननं कोथिंबिरीत तोंड लपवलं.

"चतुर्थी कधी आहे भाऊजी?"

"पुढच्या गुरुवारी."

ती उठली. मोरीवर गेली, लोटाभर पाणी घेतलं, आणि कुणी बघतंय की नाही हे न बघता कपाळ धुतलं. पुष्कळ वेळ धुतलं. पदरानं पुसून परत येऊन ताकाशी बसली, कारण लोणी वर आलं होतं आणि ते तसंच ठेवलं असतं तर फसलं असतं.

फॉर्म गेला. वसंताच्या नावापुढं गोपाळरावांनी आपल्या हातानं लिहिलं, 'मोघे घराण्यात दत्तक गेले.' नियमाप्रमाणं वंशावळीतली त्याची रेघ तिथं संपली. भय्यासाहेब दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आमरस होता, जेवले.

गुरुवारी भल्या सकाळी अनसूया एकटी टांग्यानं पुलापलीकडं गेली. तिला अठरा वर्षांनी दारात बघून अहल्याबाई काय म्हणाल्या, यावर माधवनगरात चार मतं आहेत. त्यांतलं भटजींचं खरं मानायला हरकत नाही, कारण ते तिथं होते. म्हातारीनं सुनेच्या कपाळाकडं पाहिलं, तोंड फिरवलं, आणि म्हणाली, "आमटी तू कर. माझी खारट होते." झालं. दोघींच्या भांडणाचा निकाल एवढ्यात लागला. म्हणजे आमटीवाले खरे होते.

कार्तिक चौकातलं आजोबांचं श्राद्ध त्या दिवशी वेळेवर उरकलं नाही, भटजी मोघ्यांकडं फार रेंगाळले. चार वाजता गोपाळराव वहिनीला आणायला निघाले. उन्हानं पुलाचं डांबर मऊ झालं होतं, चपला चिकटत होत्या.

अहल्याबाई दारातच होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपलीय."

"वहिनी? दुपारची?" गोपाळराव चकित झाले. "शक्य नाही काकू. त्या दुपारी कधी पाठ टेकत नाहीत. दोन ते चार ओट्यावर बसतात. पोस्टमनची वेळ..."

त्यांनी दारातून आत डोकावलं.

आत पंखा फिरत होता. जमिनीवर, चटईसुद्धा न घेता, अनसूया कुशीवर झोपली होती, हात उशाला, तोंड थोडं उघडं, अगदी थकून झोपतात तशी.

"उठवू?" गोपाळरावांनी कुजबुजून विचारलं.

"खबरदार," म्हातारी म्हणाली. "तूही बस. घाई कसली आहे तुला?"

घाई खरंच कसलीच नव्हती. गोपाळरावांनी कोट काढला, पायरीवर ठेवला, आणि भिंतीला टेकून बसले.